जुन्या गाडीला नवे टायर कशाला?

मागच्या मे महिन्यात आमच्या ओम्नीचा मागचा डावा टायर फुटला. नेसरीहून आजरामार्गे सावंतवाडीला निघालो होतो, खालाच्या मुलीच्या निकाहसाठी. गवसे मागे पडलं, आंबोली अजून यायची होती. दुपारची वेळ, गाडीत सात माणसं, मी चालवत होतो. मोठा आवाज झाला, गाडीचा मागचा भाग डावीकडे ओढला गेला आणि आम्ही रस्ता सोडून चरीत जाऊन टेकलो. समोरून काही येत नव्हतं, म्हणून हा लेख लिहायला मी आहे. पुढच्या दोन सीटवर बसलेल्या आम्हा दोघांना खरचटलंसुद्धा नाही. मागे गादीवर आडवी झालेली अम्मी लाकडी पेटीवर आपटली आणि तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर कित्येक महिने ती गाडीत बसलीच नाही. कुठं जायचं झालं की नेसरीच्या स्टँडवर जाऊन एसटीनं जायची. आम्ही गाडी काढली की म्हणायची, "तुम जाव, मैं आती पिच्छे से."

टायर हा काही लेखाचा विषय नव्हे, असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण त्या दिवसापासून आजपर्यंत मी जे शिकलो ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि सांगणारा माणूस घरातच होता. त्याला विचारावंसं मला वाटलं नाही, त्याचं कारणही यात येणार आहे.

आधी गाडीबद्दल. आमची ओम्नी २००६ सालची, आम्ही ती दुसऱ्या हाताची घेतली. ओम्नी ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. १९८४ मध्ये ती मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ मध्ये ओम्नी झाली, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. शाळेची मुलं, दूध, भाजी, पेशंट, नवरानवरी, मय्यत, सगळं या गाडीनं वाहिलं आहे. अब्बा निवृत्त झाल्यावर त्यांनी मागची सीट काढून प्लायवूडचा पाट बसवून घेतला. खाली दोन पेट्या, वर फोमची गादी, खिडक्यांना पडदे, पाण्याचे दोन कॅन, छोटी गॅसची शेगडी. दिवसा माणसं पाटावर मांडी घालून बसतात, रात्री अब्बा आणि अम्मी त्यावर झोपतात. आम्ही बाकीचे बाहेर चटईवर. विजापूर, हंपी, रत्नागिरी, मिरजेचा उरूस असं बरंच फिरून झालं. लॉजवर आधारकार्ड पुढे केलं की अचानक खोल्या भरतात, हा अनुभव दोन ठिकाणी आला आणि त्यानंतर अब्बांनी हा पाट बनवला. पण तो वेगळा विषय आहे.

इंग्रजीत अशा गाडीला कॅम्पर म्हणतात. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा अब्बा पेपर वाचून म्हणाले होते, "म्हणजे आपण आधीच सरकारच्या पुढे." धोरणातल्या गाड्या आमच्यासारख्या नसणार हे त्यांनाही माहीत होतं. पण जुन्या ओम्नीत, ट्रॅक्समध्ये, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये गादी टाकून फिरणारी कुटुंबं या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. लेख त्यांच्यासाठी आहे.

फुटलेला टायर जुना नव्हता. अपघाताच्या पाच महिने आधी मागचे दोन्ही टायर मी नवे घातले होते. कंपनी चांगली, दुकान चांगलं, काचेचं दार, आत एसी. दुकानदार म्हणाला, ओम्नीचा माल आज नाही, पण हाच १२ इंची टायर बसतो, शिवाय स्वस्तही पडेल. खरंच बसला. मी पैसे दिले, पावती घेतली, निघालो.

अपघातानंतर गाडी ओढून नेसरीला आणली तेव्हा मामू आले. मामू म्हणजे अम्मीचे चुलतभाऊ. गेली तीसेक वर्षं त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याचं शेड, एक कॉम्प्रेसर, पाण्याची घमेली. त्यांनी फाटलेल्या टायरची बाजू हातानं पुसली, वाचली आणि माझ्याकडे बघितलं. "ये टायर किन्ने दिया रे तेरेकू?" मामू घरचं बोलणं दखनीत बोलतात. टायरचा विषय निघाला की मात्र मराठीत शिरतात, आणि तेही कोल्हापुरी. "ह्यो मारुती ८०० चा टायर हाय. व्हॅनला घालत्यात व्हय ह्यो?"

टायरच्या बाजूवर जे लिहिलेलं असतं ते मी आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. वाचकांपैकी किती जणांनी वाचलंय, मला शंका आहे. आमच्या टायरवर होतं: १४५/७० आर १२, पुढे ६९ एस. ओम्नीला कंपनीनं दिलेला टायर असतो १४५ आर १२ एलटी, पुढे प्लायचा आकडा. दोन्ही १२ इंची रिमवर बसतात. दोन्हींची रुंदी १४५ मिलीमीटर. फरक उरलेल्या अक्षरांत आहे. एलटी म्हणजे लाइट ट्रक, मालवाहू गाडीचा टायर. त्याच्या बाजूच्या भिंती जाड आणि ताठ असतात, त्यात हवा जास्त भरता येते आणि तो जास्त वजन पेलतो. दुसरा टायर चार माणसांच्या छोट्या मोटारीसाठी केलेला, आणि त्या मोटारीवर तो उत्तम आहे.

६९ हा आकडा वजनाचा. त्यासाठी जगभर एकच तक्ता वापरतात. ६९ म्हणजे एक टायर पुरेशी हवा असताना ३२५ किलो पेलतो. ७५ म्हणजे ३८७ किलो, ८० म्हणजे ४५०, ८५ म्हणजे ५१५. व्हॅनच्या टायरवर ऐंशीच्या आसपासचा आकडा असतो आणि बऱ्याचदा मध्ये तिरकी रेघ देऊन दोन आकडे असतात. पहिला एकेरी चाकाचा, दुसरा ट्रकसारख्या जोडचाकाचा. आपल्याला पहिला बघायचा. आकड्यानंतरचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, पी म्हणजे १५०. ओम्नी १८० नं पळवणारा अजून जन्माला यायचा आहे, तेव्हा त्या अक्षराची चिंता आम्हाला नको होती. वजनाची हवी होती.

मामू म्हणाले, काट्यावर घे. आपल्या भागात ही मोठी सोय आहे, उसामुळे वजनकाटे जागोजागी आहेत. ट्रॅक्टरची रांग नसताना मी ओम्नी काट्यावर नेली. निकाहला निघताना जे होतं तेच सगळं पुन्हा भरलं: पाट, गादी, पाण्याचे भरलेले कॅन, शेगडी, भांडी, बॅगा आणि तीच माणसं. अम्मी यायला तयार नव्हती, तिच्या जागी तांदळाची दोन पोती ठेवली. (हे तिला कळलं तेव्हा तिनं पोत्यांचं वजन विचारलं आणि नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.) पूर्ण गाडी भरली १३५० किलो. मग पुढची चाकं काट्याखाली उतरवून फक्त मागची दोन वर ठेवली. ७६० किलो.

दोन टायरांची मिळून ताकद ६५०. वर ७६०.

आणि तेही टायरमध्ये पुरेशी हवा असेल तर. निघताना मी हवा तपासली नव्हती. हवा कमी की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकली की आतून तापते. मे महिन्यातला तापलेला डांबरी रस्ता त्यात भर घालतो. रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटतात आणि एका क्षणी बाजू फाटते. त्याला खिळा लागत नाही, दगड लागत नाही. आम्हाला वाटलं नशीब. नशीब नव्हतं, ११० किलो जास्त होते.

आणखी एक गोष्ट मागाहून ध्यानात आली. ८०० चा टायर उंचीलाही कमी, व्यासात सुमारे तीन सेंटिमीटरचा फरक. म्हणून ते पाच महिने माझी गाडी काट्यावर ६० दाखवायची तेव्हा प्रत्यक्षात ५७ च्या आत असायची, आणि पाटाखालची पेटी गतिरोधकाला घासते म्हणून मी ग्रामपंचायतीला बोल लावायचो.

आता मामूंना आधी का विचारलं नाही, ते.

आपल्या समाजातल्या प्रत्येकानं 'पंक्चरवाले' हा शब्द कधी ना कधी ऐकलेला असतो. मोबाइलवर कुणाशी वाद झाला की पाचव्या-सहाव्या वाक्याला तो येतो. कॉलेजात माझ्या एका भाच्याला मुलं याच नावानं हाक मारायची, चेष्टेत म्हणे. चार पुस्तकं वाचलेला, मराठीत लेख लिहिणारा मी त्या शब्दावर चिडायचो, उत्तरं द्यायचो, आकडेवारी काढायचो, आमच्यात डॉक्टर किती, इंजिनिअर किती. ते करता करता माझ्याच मनात बसलं की पंक्चरचं दुकान ही लपवायची गोष्ट आहे. नवे टायर घ्यायचे ठरलं तेव्हा मामूंच्या शेडवरून गाडी पुढे नेली आणि काचेच्या दारात थांबवली. त्या दुकानातल्या मुलानं बहुधा कधी चाक खोललं नसेल. त्यानं स्क्रीनवर बघितलं, १२ इंच लिहिलेलं दिसलं, दिला. मामूंनी तीस वर्षांत किती टायरच्या पोटात हात घातला असेल, कुठला टायर कसा मरतो हे त्यांना बोटांनी कळतं. ज्या शब्दानं लोक आम्हाला हिणवतात, तो मी त्यांच्या आधी मान्य करून बसलो होतो आणि त्याची किंमत मामूंच्या बहिणीच्या मनगटानं दिली.

यावर मामू काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "फोन तरी करायचास."

पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी होती आणि घरात रोज बैठक. दुल्हाभाईंचं म्हणणं सरळ: गाडी विकायला काढली तर साठ-सत्तर हजार येतील, तिच्यावर पाच टायर आणि रिमचा खर्च म्हणजे वेडेपणा. जुन्या गाडीला नवे टायर कशाला? कोल्हापुरातून वापरलेले आणू, ग्रिप चांगली असते, वर्षभर जातील, तोवर गाडीच काढून टाकू. हे म्हणणं चुकीचं वाटत नाही, आणि म्हणूनच ते घातक आहे. टायरची किंमत गाडीच्या किमतीशी ताडून बघायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. नव्या गाडीला कुणी जुने टायर लावत नाही, जुन्या गाडीला मात्र चालतात. खरं तर उलट हवं. जुन्या ओम्नीला एअरबॅग नाही, एबीएस नाही, पुढे बॉनेट नाही, चालवणाऱ्याचे गुडघे आणि समोरची गाडी यांच्यामध्ये फक्त एक पत्रा. मागे पाटावर बसणाऱ्याला पट्टाही नाही. अशा गाडीत रस्ता धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, तळहाताएवढे रबराचे चार तुकडे.

आणि हा हिशोब मांडणारे आम्ही सगळे पुढे बसणारे होतो. मागे गादीवर बसणाऱ्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, यांतल्या एकालाही या बैठकीत कुणी विचारलं नाही. अम्मी आतून ऐकत होती, भांड्यांचा आवाज मुद्दाम वाढवत होती.

वापरलेल्या टायरबद्दल मामूंनी जे दाखवलं ते दुल्हाभाईंनाही पटलं. बाजारात झिजलेल्या टायरला गरम पात्यानं नव्या खाचा पाडून, वर काळं पॉलिश मारून ठेवतात. वरून नवाकोरा दिसतो. पण खाच जिथं खोल गेली तिथं खाली रबर उरतच नाही, नखानं धागे लागतात. ओळखायचं कसं? प्रत्येक टायरच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात, बाजूवर टीडब्ल्यूआय अशी खूण करून त्यांची जागा दाखवलेली असते. ते उंचवटे टायर किती झिजला हे दाखवायलाच असतात. मोटारीसाठी खाच १.६ मिलीमीटरपेक्षा उथळ झाली की टायर बाद, असा नियमच आहे. खाचा नव्यानं पाडलेल्या टायरमध्ये हे उंचवटे कापले गेलेले असतात. उंचवटा दिसत नसेल तर टायर खाली ठेवा आणि दुकानातून बाहेर पडा.

रिमोल्डचा विषय थोडा वेगळा. ट्रक-बसचे टायर पुन्हा रबर चढवण्यासाठीच दणकट बनवलेले असतात. एसटी महामंडळाची स्वतःची टायर पुनःस्तरीकरण केंद्रं आहेत आणि आपण सगळे त्या टायरांवर बसून निर्धास्त फिरतो. तिथं टायर तपासणारी माणसं आहेत, नोंदी आहेत. गल्लीतल्या छोट्या मोटारीच्या रिमोल्डला आत काय आहे, आधीचा मालक त्यावर किती हजार किलोमीटर गेला, हे कोण सांगणार?

टायरचं वयही बघायचं असतं, हे मला नवीन होतं. बाजूवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३१७ असेल तर २०१७ सालचा २३ वा आठवडा. रबर न वापरता ठेवलं तरी कडक होतं, बारीक तडे जातात. आमच्या ओम्नीच्या स्टेपनीवर होतं १८०९. म्हणजे आम्ही गाडी घेतली तेव्हापासून जे चाक आमचा आधार म्हणून सोबत फिरत होतं, ते २००९ च्या मे महिन्यातलं. खाचा एकदम नव्या, कारण ते कधी रस्त्याला लागलंच नव्हतं. त्या दिवशी चरीतून बाहेर निघायला आम्ही तेच लावलं होतं आणि आजऱ्यापर्यंत हळूहळू परत आलो होतो. मामूंनी त्याची बाजू अंगठ्यानं दाबली तर तडे उघडले. मी तिथून उठून बाहेर जाऊन बसलो.

भाच्याची मागणी अलॉयची होती. १४ इंची, रुंद टायर, बाहेर थोडे आलेले. प्रतापराव गुजरांचं स्मारक बघायला नेसरीत कोल्हापूर-पुण्याहून गाड्या येतात, त्यातली निम्मी पोरांची अशीच सजवलेली असतात आणि आमची पोरं सरसेनापतींपेक्षा त्या चाकांकडे जास्त बघतात. मला त्यात वाईट काही वाटत नाही, देखणी चाकं मलाही आवडतात. पण ओम्नीपुरतं गणित असं आहे. तिच्या रिमला चार भोकं, ११४.३ मिलीमीटरच्या वर्तुळावर. वॅगनारला, आल्टोला चार भोकं, १०० च्या वर्तुळावर. म्हणजे त्यांची अलॉय बसत नाहीत, मग मध्ये अॅडॅप्टरची चकती टाकून बसवतात. चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवर येणारा भार वाढतो, वळणावर टायर पत्र्याला घासतो, आणि सगळं वजन चकतीच्या चार बोल्टांवर. नटाचंही बघावं लागतं, अलॉयचा नट आणि लोखंडी रिमचा नट यांची बैठक एकच असेल असं नाही. बरं, अलॉयवरही वजनाची मर्यादा कोरलेली असते. किती जण ती वाचतात? शिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी अशाच गोष्टी शोधतो.

आणि यातलं काहीच नसतं तरी मी लोखंडीच रिम घेतले असते, कारण ऊस. हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी आमचा रस्ता असा होतो की खड्डा कुठला आणि रस्ता कुठला कळत नाही. लोखंडी रिम खड्ड्यात वाकतो, थोडा वाकला तर नेसरीत ठोकून सरळ होतो. अलॉय तडकतो, आणि तडकलेलं अलॉय नेसरीत कुणी दुरुस्त करत नाही.

जुने रिम का ठेवले नाहीत? दोन ठेवणार होतो. पण तारेच्या ब्रशनं घासल्यावर कडेला गंजाचे खड्डे दिसले. नवे टायर ट्यूबलेस घ्यायचे होते, आणि ट्यूबलेसला रिमच्या आतल्या कडेला एक छोटी उंच कंगोऱ्यासारखी रेघ लागते, हवा कमी झाली तरी टायरची कड तिच्यामुळे जागा सोडत नाही. ट्यूबच्या काळातल्या काही जुन्या रिमला ती नसते. गावाकडे यावर सर्रास उपाय करतात, ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब कोंबतात. मामू म्हणाले, तेही चालतं, पण आत घर्षण होतं, उष्णता वाढते, आणि खिळा लागला की ट्यूब एका झटक्यात रिकामी. ट्यूबलेस हळूहळू बसतो, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. अम्मी मागे असताना मला तो वेळ हवा आहे. म्हणून पाचही रिम नवे, साधे, काळे, लोखंडी. भाच्यानं त्यांना तवे असं नाव दिलं आहे.

युरोपात अशा गाड्यांसाठी सीपी अशी खूण असलेले वेगळे टायर मिळतात. कॅम्परची मागची चाकं कायम भरलेल्या वजनाखाली असतात, गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहते, हे धरून ते बनवलेले असतात. ओम्नीच्या मापात तसलं काही इथं शोधण्यात अर्थ नाही. आपल्याकडे एलटी घ्या, कंपनीनं सांगितलेल्या मापाचा घ्या, आयएसआयची खूण बघा, वजनाचा आकडा काट्याच्या पावतीशी जुळवा आणि हवा भरलेल्या गाडीच्या हिशोबानं भरा. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर मधून मधून चार पावलं पुढे-मागे घ्या. पैसे कमी असतील आणि दोनच टायर घेता येत असतील तर नवे मागे टाका. पुढचा फुटला तर स्टिअरिंगला कळतं, गाडी थोडीफार सांभाळता येते. मागचा फुटला तर काय होतं ते मी वर लिहिलं आहे.

आम्ही पाच घेतले. पैसे अब्बांच्या पेन्शनमधून आणि थोडे माझे. टायर मामूंनी मागवले, मामूंच्याच शेडमध्ये चढवले, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट गडहिंग्लजला. नट समोरासमोर आवळले, शंभर किलोमीटर झाल्यावर मामूंनी पुन्हा बोलावून आवळले. पाट थोडा लहान केला, एक पेटी काढून टाकली, पाण्याचा एकच कॅन ठेवला. पुन्हा काट्यावर नेली तेव्हा मागचं वजन ६९० भरलं. टायरची ताकद ९००.

अम्मी त्या दिवशी शेडवर आली होती. भावाशी गप्पा मारायला आले म्हणाली. मग चष्मा लावून एकेका चाकाजवळ वाकली आणि चार आकडे शोधायला लागली. चौथ्यावर थांबली. बाकीचे त्याच वर्षीचे होते, तो तीन वर्षं जुना निघाला. मामूंच्याही नजरेतून सुटला होता, ते ओशाळले. टायर परत पाठवला आहे, बदली आठवड्याभरात येईल म्हणतात. तोवर गाडी शेडमध्येच आहे.